कार्पेट क्लीनरचा ब्रश फिरत नाही? आधी त्याला गती कुठून मिळते ते शोधा

अमेरिकेत, कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये घर घेतलं की बहुतेक वेळा कार्पेट घराबरोबरच येतं. बैठकीची खोली, जिना, झोपायच्या खोल्या, सगळीकडे तेच. आणि आपल्या घरात त्यावर जे सांडतं ते सहजासहजी निघणारं नसतं: वरणाची वाटी, लोणच्याचं तेल, पूजेनंतरची हळद. म्हणून अनेक मराठी घरांत गॅरेजमध्ये एक कार्पेट क्लीनर असतो (साबणाचं पाणी फवारून, ब्रशने घासून, घाण पाणी परत ओढून घेणारं यंत्र) आणि गणपती-दिवाळीच्या आधी तो बाहेर निघतो. नेमकं तेव्हाच ट्रिगर दाबल्यावर पाणी येतं, सक्शनचा आवाज येतो, पण ब्रश जागचा हलत नाही.

अशा वेळी "मोटर जळली" असं फार लवकर ठरवलं जातं. आमच्या वस्तीत मोठा कचरा उचलायच्या दिवशी असे क्लीनर रस्त्याच्या कडेला ठेवलेले दिसतात. त्यातले काही मी उघडून पाहिले आहेत. मोटर शाबूत होती. कुठे पट्टा तुटलेला होता, कुठे ब्रशच्या दोन्ही टोकांना केसांची गुंतवळ इतकी घट्ट बसली होती की रोलर हातानेही फिरत नव्हता. पट्टा साधारण १०-१५ डॉलरला मिळतो आणि गुंतवळ काढायला पैसेच लागत नाहीत. चांगलं चालू शकणारं यंत्र एवढ्यासाठी कचऱ्यात जावं, हे मला मनापासून खटकतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

ब्रश बंद असताना "पाणी आणि सक्शन चालू आहे ना, मग चालवू तसंच" असं मात्र करू नका. ब्रश फिरला नाही तर पाणी आणि साबण तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतात, मळ सुटत नाही, आणि सक्शनला वरवरचं पाणीच तेवढं ओढता येतं. कार्पेट जास्त वेळ ओलं राहतं, खालच्या फोमपर्यंत ओल जाते आणि दोन दिवसांनी खोलीत कुबट वास येतो.

ब्रशला गती देण्याच्या तऱ्हा

दुरुस्तीत निम्मा वेळ वाया जातो तो आपलं यंत्र कोणत्या जातीचं आहे हे न पाहता स्क्रू काढायला बसल्यामुळे. ब्रशला गती तीन तऱ्हांनी मिळते, आणि प्रत्येकीत बिघाडाची जागा वेगळी असते.

पहिली तऱ्हा पट्ट्याची. मोटरच्या दांड्यावरून रबरी पट्टा ब्रशच्या रोलरवर जातो. बिसेल कंपनीच्या प्रोहीट घराण्यातली बरीच यंत्रं अशी आहेत. काहींत दोन रोलर असतात आणि त्या दोघांना जोडणारा दातेरी पट्टा वेगळा असतो. पट्टा एकाहून जास्त असेल तर एक तुटलेला आणि दुसरा धड असंही होतं. मग दोनपैकी एकच रोलर फिरतो.

दुसरी तऱ्हा ब्रशसाठी स्वतंत्र छोट्या मोटरची. सक्शनची मोठी मोटर वर किंवा मध्यभागी असते, ब्रशची मोटर खाली पायथ्यात. तिच्यापासून ब्रशपर्यंत गती नेणारा पट्टा किंवा गिअर असतोच, म्हणजे पट्ट्याचे रोग इथेही लागू होतात. शिवाय विजेचे रोग वेगळे: स्विच, वायर, जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट.

तिसरी तऱ्हा हवेच्या टर्बाइनची. हूवर कंपनीच्या जुन्या स्टीमव्हॅक यंत्रांत ब्रशला वीज जातच नाही. सक्शनने ओढलेल्या हवेवर एक छोटं पंख्याचं चाक फिरतं, त्याच्या गिअरवर ओळीने लावलेले पाच-सहा गोल ब्रश फिरतात. इथे मोटर शोधत बसलात तर सापडणारच नाही. सक्शन कमी झालं की ब्रश बंद, हे इथलं मुख्य सूत्र.

आणि काही यंत्रांचा ब्रश मुळातच फिरत नाही. सुपरमार्केटमधून भाड्याने मिळणाऱ्या रग डॉक्टरच्या मोठ्या यंत्रात ब्रश मागेपुढे थरथरतो, गोल फिरत नाही. सोफ्यावरचे डाग काढायच्या छोट्या हातातल्या यंत्रांचा ब्रश तर बहुतेक वेळा नुसता बसवलेला असतो. घासायचं काम तुमच्या हाताचं. तिथे बिघाड नसतोच.

बिसेल कंपनीची सुरुवातच १८७६ साली मेलव्हिल बिसेल यांनी पेटंट घेतलेल्या कार्पेट स्वीपरपासून झाली. त्यात मोटर नव्हती, वीज नव्हती. ढकलताना चाकं फिरत आणि चाकांच्या घर्षणावर ब्रश फिरे. ब्रश अडला तर गती देणारी गोष्ट डोळ्यांसमोर असे. आता ती प्लास्टिकच्या झाकणाखाली गेली आहे, एवढाच फरक.

तुमचं यंत्र कोणत्या तऱ्हेचं हे कळायला पाठीमागचा किंवा तळाचा स्टिकर पाहा. त्यावरचा मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्या, मागची अक्षरंसुद्धा. तोच क्रमांक टाकून सुट्या भागांचं चित्र शोधा. त्या चित्रात पट्टा दिसतो का, ब्रशची मोटर दिसते का, की टर्बाइन, हे एका नजरेत कळतं. पुढे सुटा भाग मागवायलाही हाच क्रमांक लागणार आहे. नुसत्या "प्रोहीट" नावावर पट्टा मागवला तर चुकीचा येण्याची शक्यता फार मोठी.

स्क्रू काढण्याआधी

बऱ्याच उभ्या क्लीनरमध्ये दांडा सरळ उभा असताना ब्रश मुद्दाम बंद ठेवलेला असतो, नाहीतर तो एकाच जागी घासून कार्पेट खराब करेल. म्हणून दांडा मागे पूर्ण झुकवून पाहा. मग तो थोडा वर-खाली हलवून पाहा. विशिष्ट कोनातच ब्रश चालत असेल तर ही खूण लक्षात ठेवा. पुढे विजेच्या भागात ती उपयोगी पडेल.

हाताने वापरायची नळी जोडलेली आहे का ते पाहा. अनेक यंत्रांत नळी लावली किंवा वरची कळ फरशीवरून हातनळीवर वळवली की ब्रश थांबतो. मागच्या वेळी कुणी जिना किंवा गाडीच्या सीट साफ केल्या असतील तर कळ तशीच राहिलेली असते. काही यंत्रांवर ब्रशसाठी वेगळं बटण किंवा वेग बदलायची पट्टी असते, तीही बघून घ्या.

मग घाण पाण्याची टाकी. ती नीट बसली आहे का, भरली आहे का, आत फेस आहे का? फेसाचं महत्त्व टर्बाइनवाल्या यंत्रांत फार आहे, त्याकडे पुढे येतो.

यातून काही निघालं नाही तर प्लग काढा आणि अर्धा तास यंत्राला हात लावू नका. ब्रशच्या मोटरला बहुधा तापमानाचा कटआउट असतो. ब्रश अडला, मोटर तापली की तो वीज तोडतो, आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. काही मॉडेलवर रीसेटचं छोटं बटणही असतं. अर्ध्या तासाने ब्रश फिरू लागला तर आनंद आहे, पण काम संपलेलं नाही. कटआउट विनाकारण उडत नाही. काहीतरी ब्रशला अडवत होतं. ते शोधायलाच हवं, नाहीतर पुढच्या खोलीत तो पुन्हा उडेल.

कान लावून ऐका

यंत्र चालू करून दांडा झुकवा आणि पायथ्याकडून काय आवाज येतो ते ऐका. निदानासाठी याहून चांगलं साधन नाही.

खालून काहीच आवाज नसेल, फक्त वरच्या सक्शनचा घोंघाट असेल, तर ब्रशच्या मोटरपर्यंत वीज पोचत नाही किंवा मोटर गेली आहे. गुं-गुं असा दबका आवाज येतो पण हालचाल नाही, तर मोटरला वीज मिळते आहे आणि काहीतरी घट्ट अडलं आहे. लगेच बंद करा, त्या अवस्थेत मोटर काही क्षणांत तापते. मोटर मोकळी, भरभर फिरल्याचा आवाज येतो आणि ब्रश मात्र स्तब्ध आहे, तर पट्टा तुटला, निसटला किंवा रोलरच्या टोकाचा चौकोनी खाचा झिजून गोल झाला. टक-टक-टक असा ठरावीक आवाज म्हणजे गिअरचा दात तुटलाय किंवा दातेरी पट्टा घसरतोय. चिरका आवाज आणि जळक्या रबराचा वास आला तर मोटर फिरतेय पण रोलर अडकल्यामुळे पट्टा घसरतोय.

अजून एक खूण आहे. काही पट्टेवाल्या यंत्रांत पाण्याचा पंपही त्याच मोटरवर चालतो. तुमच्या यंत्रात ब्रश आणि पाण्याची फवारणी दोन्ही एकदमच बंद पडली असेल तर आधी त्या दोघांच्या सामाईक मोटरकडे जा. नुसता ब्रश बंद आणि फवारणी ठणठणीत असेल तर मोटर बहुधा जिवंत आहे.

आणि हेही करून पाहा: ब्रश हवेत धरल्यावर फिरतो पण कार्पेटवर टेकवला की थांबतो का? तसं असेल तर पट्टा ताणून सैल झाला आहे, किंवा तुमचं कार्पेट त्या यंत्रासाठी फार दाट, लांब लोकरीचं आहे. ब्रश पारदर्शक खिडकीतून नीट दिसत नसेल तर रोलरच्या कडेला पांढऱ्या मार्करने एक ठिपका द्या. फिरतोय की नाही ते लगेच कळेल.

ब्रश बाहेर काढून साफ करणं

आता प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लग भिंतीतून बाहेर हवा. दोन्ही टाक्या काढा, आतलं पाणी ओता, जुना टॉवेल अंथरून यंत्र त्यावर आडवं करा. जवळ एक सपाट आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, काही मॉडेलसाठी चांदणीच्या खाचेचा, चिमटा, छोटी कात्री आणि शिलाईचे टाके उसवायचं हत्यार ठेवा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. पट्टा कोणत्या बाजूने गेला होता हे परत बसवताना आठवत नाही, फोटो असला की वाद मिटतो.

ब्रश काढायची पद्धत मॉडेलगणिक बदलते. कुठे बाजूची खिटी दाबून अख्खा रोलर सरकवत बाहेर येतो, कुठे टोकाच्या झाकणाचे स्क्रू काढावे लागतात, तर टर्बाइनवाल्यांत ब्रशची अख्खी पट्टीच खिट्यांवर बसवलेली असते. ती निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिला असेल. जुनं प्लास्टिक लवकर तुटतं.

रोलरवर मध्यभागी जे केस दिसतात ते फारसे त्रासाचे नसतात. त्रास टोकांना असतो. फिरता फिरता लांब केस, कार्पेटचे धागे आणि कुत्र्या-मांजराची लव टोकांकडे सरकते, बेअरिंगच्या टोपीखाली शिरते. त्यात साबणाचं पाणी मुरून वाळतं आणि सगळं मिळून नमद्यासारखी टणक कडी तयार होते. ती वरून दिसतच नाही. टोकाची टोपी काढावी लागते, आणि ती निघाली की खाली राखाडी, चिकट वेढ्यांचा गोळा दिसतो. टाके उसवायचं हत्यार रोलरच्या लांबीच्या दिशेने घालून वेढे दोन-तीन जागी कापा, मग चिमट्याने तुकडे ओढा. आडवं कापायला गेलात तर ब्रशचे केसच छाटले जातील.

टोपी साफ झाल्यावर तिच्यातली पिन किंवा बेअरिंग बोटांनी फिरवून पाहा. ती गुळगुळीत फिरायला हवी. खरखर लागली, डगमगली किंवा आजूबाजूचं प्लास्टिक वितळून चकाकतंय असं दिसलं, तर टोपी बदला. ती वेगळी मिळते आणि स्वस्त असते. वितळलेल्या टोपीवर तेल घालून चालवलं तर लवकरच पट्टाही तुटेल.

रोलर कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. साबणाचा चिकटा सुटला की जुन्या टूथब्रशने खाचा घासा, नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ज्या पोकळीत रोलर बसतो तिथेही गाळ आणि धागे असतात. पट्टा जिथून जातो ती फट सगळ्यात आधी पाहा. तिथे अडकलेला मोजा, खेळण्याचा तुकडा किंवा खडा मी स्वतः बाहेर काढलेला आहे.

तेल-ग्रीसबद्दल लोकांचा उत्साह फार असतो. पट्ट्याला काहीही लावायचं नाही. जंग सोडवायचा फवारा प्लास्टिकच्या गिअरवर मारायचा नाही. बेअरिंग उघडं असेल आणि ते सुकं वाटत असेल तर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी थोडं. सीलबंद बेअरिंगला तेही नको.

पट्टा

ब्रश बाहेर आला की पट्टा समोरच असतो, किंवा पायथ्याचं झाकण उघडावं लागतं. तुटलेला पट्टा उघड दिसतो. न तुटलेला पण गेलेला पट्टा ओळखायला नजर लागते: आतला पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो, कडेला बारीक चिरा दिसतात, दाते बोथट झालेले किंवा गळलेले असतात, किंवा पट्टा बोटावर लोंबकळतो. यापैकी एकही खूण असेल तर तो बदला. दातेरी पट्ट्यात एक दात गेला तरी तो गेलाच समजा.

नवीन पट्टा मागवताना दोन मागवा. पोस्टाचा खर्च तेवढाच पडतो आणि सणाच्या तोंडावर दुसऱ्यांदा वाट पाहावी लागत नाही. जुना पट्टा नव्याशेजारी ठेवून रुंदी आणि दात्यांची संख्या जुळते का बघा. लांबीत थोडा फरक दिसेल, जुना ताणलेला असतो.

बसवताना पट्टा आधी मोटरच्या छोट्या दांड्यावर चढवा, मग रोलरच्या चाकावर. तो बराच घट्ट वाटतो आणि इथेच लोक स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ओढतात. त्याने रबराला चीर पडते आणि पुढच्याच वापरात तिथून तुटतो. त्यापेक्षा पट्ट्याची एक कड चाकावर टेकवा आणि चाक हाताने सावकाश फिरवत राहा; पट्टा आपोआप चढत जातो. चढल्यावर रोलर हाताने पाच-सहा पूर्ण फेरे फिरवा. पट्टा मधोमध राहतोय का, कुठे भिंतीला घासतोय का, उलटा पीळ पडलाय का, ते डोळ्यांनी तपासा. मगच झाकण लावा.

नवा पट्टा लगेच तुटला तर तिसरा मागवू नका. कारण दुसरीकडे आहे: अडकलेली बेअरिंग, कपचा उडालेलं चाक, किंवा तुमची सवय. झालर असलेला गालिचा, लोकरीचा हातमागाचा गालिचा आणि लांब केसांचं शॅग कार्पेट या यंत्राखाली घालायचं नसतं. झालर रोलरमध्ये गुंडाळली की पट्टा तुटतोच, गालिच्याचंही नुकसान होतं. तुमच्याकडे गावाकडून आणलेला एखादा हातमागाचा गालिचा असेल तर तो गुंडाळून बाजूला ठेवा.

टर्बाइन आणि गिअर

टर्बाइनवाल्या यंत्रात हवेचा मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचा. घाण पाण्याच्या टाकीचं झाकण आणि त्याची रबरी कडी, तिच्यातला तरंगणारा गोळा, पुढच्या नाकाडाची पारदर्शक खिडकी, नळी लावायचं तोंड, आणि टर्बाइनच्या तोंडाची जाळी. कुठेही हवा चुकीच्या जागेवरून आत आली की टर्बाइनला जोर उरत नाही.

फेसाची गोष्ट इथली. घरातलं भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर टाकली की टाकीत फेस चढतो. फेसाने तरंगणारा गोळा वर उचलला जातो, सक्शनचं तोंड बंद होतं, टर्बाइन थांबतं आणि ब्रश बंद पडतो, टाकी अर्धीही भरलेली नसताना. कार्पेट क्लीनरचा साबण कमी फेसाचा असतो तो यासाठीच. तसा प्रकार झाला असेल तर टाकी धुवा, स्वच्छ साधं पाणी भरून एकदा चालवा, नव्याने योग्य साबण घाला. फेस सक्शनच्या मोटरपर्यंत गेला तर नुकसान फार मोठं होतं, म्हणून हा सल्ला मनावर घ्या.

गिअरवाल्या ब्रशपट्टीची तपासणी मला आवडते, कारण ती अगदी स्पष्ट उत्तर देते. पट्टी हातात घ्या आणि एक ब्रश बोटाने फिरवा. शेजारचा ब्रश उलट दिशेने फिरायला हवा, त्याच्या पुढचा पुन्हा सरळ, असं शेवटपर्यंत. कुठे तरी साखळी तुटली तर त्या ब्रशचा गिअर झिजलाय किंवा दात गेलाय. एकही हलला नाही तर सगळ्यांना मिळून कुठेतरी एकच जागा अडवते आहे. कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग एकेक ब्रश सोडवत चला. कठीण पाण्याचे पांढरे थर दिसत असतील तर त्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. दात तुटलेला असेल तर अख्खी पट्टी बदलणं सोपं पडतं.

विजेचा भाग

ब्रश, पट्टा आणि गिअर सगळं मोकळं आहे, तरी खालून आवाजच येत नाही. आता विजेकडे वळायचं. पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत हे विसरू नका. यंत्र पूर्ण कोरडं असल्याशिवाय आणि प्लग बाहेर असल्याशिवाय एकही वायर उघडी करायची नाही. वॉरंटी चालू असेल तर इथेच थांबा आणि कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा.

आधी बाहेरची वीज. अमेरिकेतली अशी बरीच यंत्रं १२ अँपिअरच्या आसपासची असतात, म्हणजे १२० व्होल्टवर सुमारे १४४० वॉट. घरातला बहुतेक सर्किट १५ अँपिअरचा. त्याच सर्किटवर हीटर किंवा मायक्रोवेव्ह चालू असेल तर ब्रेकर उडेल. बारीक, लांब एक्स्टेन्शन वायर लावली तर व्होल्टेज पडतं आणि ब्रश आधी सुस्तावतो. एक्स्टेन्शन लावणं भाग असेल तर १४ गेजची किंवा त्याहून जाड, आणि जमेल तेवढी आखूड घ्या.

आता मल्टिमीटर. तो सलगता (विजेची वाट अखंड आहे का, हे बीप देऊन सांगणारी) तपासायच्या खुणेवर ठेवा. दांड्याच्या सांध्याजवळ एक छोटा मायक्रोस्विच असतो. दांडा झुकवल्यावर तो दाबला जातो किंवा सुटतो. त्याच्या दोन टोकांना मीटरच्या तारा लावा आणि हाताने दाबून पाहा, बीप येते-जाते का. कधी स्विच चांगला असतो पण तो दाबणारी प्लास्टिकची जीभ तुटलेली असते, तेव्हा मीटर न लावताही दोष दिसतो.

पुढे वायर. दांडा हजारदा मागेपुढे होतो आणि सांध्यातून जाणारी वायर आतल्या आत तुटते. वरचं आवरण मात्र शाबूत असतं. विशिष्ट कोनात ब्रश चालणं ही याचीच खूण. मीटर लावून वायर वाकवत राहा. बीप मधे-मधे तुटली तर चोर सापडला. वायर तेवढ्याच जाडीची घालायची आणि जोड सांध्यात न येता बाजूला, कोरड्या जागी घ्यायचा. नुसती चिकटपट्टी गुंडाळून पाण्याच्या यंत्रातला जोड सुरक्षित होत नाही.

कटआउट थंड असताना त्याच्यातून सलगता मिळायला हवी. थंड असूनही तुटक दाखवत असेल तर तो गेला. तो तोडून वायर सरळ जोडायचा "उपाय" कुणी सुचवला तर ऐकू नका. मोटरला आग लागू नये म्हणूनच तो तिथे आहे.

शेवटी मोटर. बऱ्याच ब्रश मोटरी डीसीवर चालतात आणि त्यांच्या मागे चार डायोडचा रेक्टिफायर (घरातली एसी वीज डीसीत बदलणारा भाग) असतो. काही वेळा मोटर ठणठणीत आणि रेक्टिफायर जळालेला असतो. मोटरच्या टोकांना रोध मोजा. साधारण काही ओहमपासून काही डझन ओहमपर्यंत वाचन येईल आणि मोटरचा दांडा हाताने फिरवला की ते थोडं हलेल. पूर्ण तुटक दाखवलं तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे ठोकळे) संपले किंवा गुंडाळी तुटली. कार्बन बाहेरून काढता येत असतील तर ते बदला. अनेक छोट्या मोटरी सीलबंद असतात, तिथे अख्खी मोटरच बदलावी लागते. जळका वास, काळवंडलेली जागा किंवा दांडा हाताने फिरवताना अडखळणं दिसलं तर मोजमापाचीही गरज नाही.

परदेशातून महाराष्ट्रात परतताना हे यंत्र सामानात घालणाऱ्यांसाठी एक सूचना. १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावलं तर मोटर आणि रेक्टिफायर दोन्ही जातात, प्लगचं अडॅप्टर लावलं तरीही. १४४० वॉटच्या यंत्राला किमान २००० वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड आणि महाग. ब्रिटनमधलं २३० व्होल्टचं यंत्र मात्र तिथे चालतं, फक्त प्लग बदलावा लागतो.

मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत, कार्यालयांत हाउसकीपिंगचं काम करणाऱ्यांच्या हातात बहुधा व्यावसायिक स्प्रे-एक्स्ट्रॅक्शन यंत्रं असतात. कार्चरच्या पुझी १०/२ सारख्या यंत्राला फिरणारा पॉवर ब्रश वेगळा जोडता येतो आणि त्याची वीज मशीनवरच्या सॉकेटातून जाते. तिथे ब्रश बंद पडला तर पहिली तपासणी त्या जोडणीची करा: प्लग पूर्ण बसला आहे का, आत पाणी शिरलंय का. मग वर सांगितलेलीच वाट, रोलर, पट्टा, मोटर.

परत जोडल्यावर

सगळे स्क्रू लागले आहेत आणि एकही उरला नाही, हे पाहून घ्या. लांब केस, ओढणी, पदर, दुपट्टा बांधून घ्या. फिरणारा ब्रश कापड क्षणात ओढतो. टाक्यांत पाणी न भरता, यंत्र झुकवून काही सेकंदच चालवा. आवाज एकसारखा हवा. मग प्लग काढून रोलरची टोकं आणि पट्ट्याच्या बाजूचं झाकण हाताने चाचपा. गरम लागलं तर कुठेतरी अजून घासतंय. थंड असेल तर पाणी भरा आणि खोलीच्या कोपऱ्यात, कोरड्या कार्पेटवर एक फेरी मारून पाहा.

ब्रश पुन्हा अडू नये यासाठी सगळ्यात मोठा फरक पडतो तो साध्या व्हॅक्यूमने. ओल्या क्लीनरच्या आधी कार्पेट कोरडं व्हॅक्यूम करा, दोनदा, आडवं आणि उभं. घरातल्या लांब केसांचा बराच भाग तिथेच निघून जातो. काम झाल्यावर थोडं स्वच्छ कोमट पाणी घालून यंत्र चालवा म्हणजे साबण धुऊन निघेल. रोलर वाळेपर्यंत यंत्र झाकून ठेवू नका. न्यू जर्सी, मिशिगन, ओंटारिओसारख्या थंड भागात गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर पाण्याचा थेंब आत राहू देऊ नका. हिवाळ्यात तो गोठतो आणि पंप, नळी, सांधे फोडतो.

आणि दुरुस्ती सोडून कधी द्यायची? मोटर आणि रेक्टिफायर मिळून खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेला, पायथ्याचं प्लास्टिकच तडकलं असेल, किंवा त्या मॉडेलचे भाग कुठेही मिळत नसतील तेव्हा. तरीही यंत्र रस्त्यावर ठेवताना त्यावर "सक्शन चांगलं, ब्रशची मोटर गेली" अशी चिठ्ठी लावा. टाक्या, नळी आणि सक्शनची मोटर शोधणारा कुणीतरी ते उचलून नेईल.